ब्लॉकखालचा मूनकेक फेस्टिव्हल: पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्यांसाठी

सिंगापूरला राहायला आलेल्या मराठी घरांत हा प्रसंग हमखास येतो. रेसिडेंट्स नेटवर्कच्या, म्हणजे वस्तीतल्या रहिवाशांच्या समितीच्या बैठकीत (जुने लोक तिला अजून आरसी, रेसिडेंट्स कमिटीच म्हणतात) कोणीतरी विचारतं, यंदा मूनकेक फेस्टिव्हलचं तुम्ही बघाल का? गणपतीत काम केलेली माणसं लगेच हो म्हणतात. मांडव, प्रसाद, मुलांचे कार्यक्रम हे सगळं हाताखालचं असतं. मात्र गणपतीचा हिशेब इथे जसाच्या तसा लावला की गडबड होते. या सणाचा गाभा घरात आहे. त्या रात्री चिनी कुटुंबं आपापल्या घरी एकत्र जेवतात आणि मग चंद्र बघायला खाली उतरतात. आपण आखायचं ते जेवणानंतरचं: कंदील, चहा, मूनकेकचा (या सणाच्या गोड सारणाच्या केकचा) तुकडा आणि कोडी. यात महाप्रसाद घुसवला की अर्धे शेजारी येतच नाहीत, कारण ते घरून जेवून आलेले असतात.

सणाचं चिनी नाव चोंग-छिउ, म्हणजे शरदाचा मध्य. बरेच जण त्याला लँटर्न फेस्टिव्हलही म्हणतात आणि तिथेच पहिला घोळ होतो. खरा कंदिलांचा सण, युआन-श्याव, चिनी नववर्षानंतर पंधराव्या दिवशी येतो. पत्रकावर ‘मिड-ऑटम’ असंच छापा.

तारीख

सण चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी असतो. आपल्या हिशेबाने तो बहुतेक वेळा अनंत चतुर्दशीच्या आसपास पडतो. २०२४ मध्ये दोन्ही एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला होते. २०२६ मध्येही दोन्ही २५ सप्टेंबरलाच आहेत. चिनी पंचांगातही अधिक महिना असतो, पण तो आपल्या अधिक महिन्याबरोबर येईलच असं नाही. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला, आपल्याकडे त्या वर्षी अधिक नव्हता, त्यामुळे हा सण थेट ६ ऑक्टोबरला, कोजागरीच्या रात्री आला. म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवरून अंदाज बांधू नका. २०२७ मध्ये १५ सप्टेंबर, २०२८ मध्ये ३ ऑक्टोबर.

सिंगापुरात या दिवशी सुट्टी नसते. कार्यक्रम शनिवारी ठेवावा लागतो आणि नेमका कोणता शनिवार, हा प्रश्न उरतो. २०२६ मध्ये सण शुक्रवारी आहे. आधीचा शनिवार १९ सप्टेंबर, नंतरचा २६. अनेक ठिकाणी आधीचाच शनिवार घेतात, कारण तेव्हा उत्साह ताजा असतो. त्या दिवशी चंद्र अर्धाच दिसेल, पण सूर्यास्तालाच तो आकाशात चांगला वर आलेला असेल. २६ तारखेला चंद्र जवळजवळ पूर्ण आहे. प्रत्यक्ष पौर्णिमेचा क्षण सिंगापूरच्या वेळेनुसार त्या मध्यरात्रीनंतर तासाभराच्या आत येतो. पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल, अशी चिनी म्हणच आहे आणि दक्षिण चीनमध्ये दुसऱ्या रात्रीला ‘चंद्राचा पाठलाग’ म्हणतात, त्यामुळे ‘सण संपल्यावर कसला कार्यक्रम’ असं कोणी म्हणणार नाही.

आमचं मत २६ च्या बाजूने. मात्र दोन अडचणी लक्षात ठेवा. एक, पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेसात-पावणेआठला तो समोरच्या बारा मजली ब्लॉकच्या मागेच असतो. चंद्रदर्शनाची वेळ नऊच्या पुढे ठेवा आणि कोणत्या मोकळ्या जागेतून पूर्वेचं आकाश दिसतं ते आधी जाऊन बघा. दोन, मूनकेकचे स्टॉल सणाच्या संध्याकाळी गुंडाळायला लागतात. तेव्हा स्वस्तात मिळतं खरं, पण हवा तो प्रकार उरत नाही. डबे आठवडाभर आधी घरात हवेत. शिवाय शुक्रवारी विसर्जन असलं तर शनिवारी मराठी स्वयंसेवक थकलेले असणार. कामं वाटताना हे धरूनच चाला.

आठव्या महिन्याच्या आधीचा सातवा महिना पितरांचा, भुकेल्या आत्म्यांचा मानतात. २०२६ मध्ये तो १३ ऑगस्ट ते १० सप्टेंबर आहे. बैठका, परवानग्या, खरेदी या काळात खुशाल करा. सजावट आणि लाल कंदील मात्र तो महिना संपल्यावरच लावा. कोणी तोंडावर बोलणार नाही, पण म्हाताऱ्या आंटींना ते रुचत नाही.

जागा आणि परवानगी

एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या ब्लॉकच्या तळमजल्याची मोकळी जागा, म्हणजे व्हॉइड डेक, ही उत्तम. पाऊस आला तरी छप्पर असतं. तिची परवानगी टाउन कौन्सिल देतं. अर्ज रेसिडेंट्स नेटवर्कमार्फत केलात तर टेबलं, खुर्च्या आणि वीजजोडणीचा प्रश्नही बरोबरच सुटतो. आठ आठवडे आधी सुरुवात करा. अर्जात या गोष्टी स्पष्ट लिहा: वेळ, अंदाजे माणसं, वीज कशाकशाला लागणार, मेणबत्त्या असतील का, कंदिलांची फेरी कोणत्या रस्त्याने जाणार. खाद्यपदार्थ विकायचे नाहीत, फुकट वाटायचे. विक्री म्हटली की परवान्यांचं वेगळंच प्रकरण सुरू होतं आणि शंभर माणसांच्या कार्यक्रमाला ते झेपत नाही.

हीच जागा ब्लॉकमध्ये कोणी वारलं तर अंत्यविधीसाठी वापरली जाते आणि चिनी घरांत शव तीन-पाच दिवसही ठेवतात. असं झालं तर माघार आपणच घ्यायची. त्यासाठी दुसरी जागा आधीच ठरवून ठेवा, शेजारच्या ब्लॉकचा डेक किंवा छत असलेला चौक. याच कारणाने पांढरे कंदील अजिबात नकोत. दारात पांढरा कंदील म्हणजे घरात मयत. लाल, केशरी, पिवळा, गुलाबी घ्या. दिवाळीसाठी आणलेले पांढरे कागदी गोळे ‘छान दिसतात’ म्हणून टांगले जाण्याची चूक दरवर्षी कुठे ना कुठे होतेच.

सप्टेंबरमध्ये सुमात्राकडून धूर येण्याची शक्यता असते. हवा फारच खराब असली तर फेरी रद्द करायची आणि बाकीचं डेकवर उरकायचं, एवढं पत्रकातच छापून टाका.

मूनकेक

खरी खबरदारी इथे लागते. नेहमीचा भाजलेला, कॅन्टनी पद्धतीचा मूनकेक साधारण १८० ग्रॅमचा असतो: वर पातळ तपकिरी आवरण, आत कमळबियांचं गोड घट्ट सारण आणि मधोमध बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा एक किंवा दोन पिवळे बलक. प्रकार फार जड आहे. अख्खा मूनकेक एकट्याने खायचा नसतो. एकाचे आठ तुकडे करायचे आणि माणशी दोन धरायचे. शंभर माणसांना दोनशे तुकडे, म्हणजे २५ मूनकेक. डब्यात चार येतात, तेव्हा सात डबे पुरतात आणि तीन मूनकेक वर उरतात. (चार हा अशुभ आकडा. मृत्यूच्या शब्दासारखा उच्चार होतो म्हणून लिफ्टमध्येही काही जण तो टाळतात. मूनकेकच्या डब्याला मात्र हा नियम लागू नाही.)

हॉटेलांचे मखमली डबे घेऊ नका. त्यात निम्मे पैसे डब्याचे जातात. वस्तीतल्या बेकरीचे पुरतात, आणि चार आठवडे आधी मागणी नोंदवली तर सूटही मिळते.

आता शाकाहाराचं. ‘बलक नसलेला’ म्हणजे शाकाहारी, असं समजून आपली मंडळी फसतात. भाजताना वरचं आवरण चकाकावं म्हणून त्यावर अंडं फासतात, त्यामुळे बलक नसला तरी अंडं असतंच. जुन्या पद्धतीत सारणात डुकराची चरबी असते. आता बरेच जण वनस्पती तेल वापरतात, पण सगळे नाही. पाच बियांच्या मूनकेकमध्ये बदाम, अक्रोड, तीळ, कलिंगडाच्या बिया असतात आणि कधीकधी हॅमचे तुकडेही. तेओच्यू पद्धतीच्या पापुद्र्याच्या मूनकेकमध्ये अळकुडीच्या जातीच्या कंदाचं सारण असतं, म्हणजे जैन शेजाऱ्यांना तोही चालत नाही. न भाजलेल्या, तांदळाच्या पिठाच्या थंड ‘स्नोस्किन’मध्ये सहसा अंडं नसतं, मात्र दूध असतं. पाकिटावरची यादी वाचा, दुकानदाराच्या ‘नो मीट’वर जाऊ नका.

सोपा मार्ग असा. पाच डबे हलाल प्रमाणपत्र असलेल्या बेकरीचे घ्यायचे. ते चिनी शेजारीही आनंदाने खातात आणि मलय शेजाऱ्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. उरलेले दोन डबे बिनअंड्याचे, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या सुरीने कापलेले. प्रत्येक ताटासमोर जाड अक्षरांत पाटी: अंडं आहे किंवा नाही, सुकामेवा आहे किंवा नाही. रिकामा डबा पाटीशेजारी उभा करून ठेवा, म्हणजे शंका आली तर ज्याला वाचायचंय तो वाचेल.

कापण्याचं काम किरकोळ वाटतं, पण तिथेच उशीर होतो. पातळ, लांब सुरी घ्या. ती गरम पाण्यात बुडवा, पुसा, मूनकेकच्या मधोमध सरळ खाली दाबा. करवतीसारखी चालवू नका, आवरणाचा भुगा होतो. मग अर्ध्याचे चतकोर, चतकोराचे दोन. प्रत्येक कापानंतर सुरी पुसायची, नाहीतर बलकाचे पिवळे ओघळ पुढच्या तुकड्यांना लागतात. एका मूनकेकला दीड मिनिट लागतं. अठ्ठावीस म्हणजे एका माणसाचा पाऊण तास, म्हणून दोघं बसवा. अर्धा तास आधी कापून वर क्लिंग फिल्म लावा, नाहीतर मुंग्या आपल्या आधी पोचतात. स्नोस्किन मात्र वाटायच्या क्षणापर्यंत आइसबॉक्समध्ये. इथल्या उकाड्यात तो अर्ध्या तासात मऊ होऊन कागदाला चिकटतो.

पपनस, शिंगाडा, चहा

मूनकेकचा गोडपणा कापायला पपनस लागतंच. इपोहची पपनसं बाजारात येतात. आकाराच्या मानाने जड असलेलं फळ निवडा. तीन-चार दिवस आधी आणून बाहेर ठेवा. साल किंचित सुरकुतली की गोडी वाढते. शंभर जणांना दहा पुरेत. वरची टोपी कापायची, सालीला वरून खाली सहा चिरा द्यायच्या आणि पाकळ्या उलगडाव्यात तशी साल सोडवायची. ती एकसंध निघाली तर लहान मुलं डोक्यावर टोपी म्हणून घालतात. हीसुद्धा इथली परंपराच. एका फळाला दहा-बारा मिनिटं जातात, तेव्हा हे दुपारीच घरी उरका.

पेअर मात्र कापून ठेवू नका. चिनी भाषेत ‘पेअर वाटणे’ आणि ‘ताटातूट’ यांचा उच्चार एकच, आणि सण भेटीगाठीचा. द्राक्षं, संत्री चालतील.

काळे, म्हशीच्या शिंगांसारखे दिसणारे शिंगाडे दिसले तर जरूर घ्या. आपल्या शिंगाड्याचाच हा भाऊबंद. धुऊन ३० ते ४० मिनिटं उकडायचे. कच्चे खायचे नाहीत, त्यातून पोटात जंत जातात.

चहा दूध-साखरेविना, पु-एर किंवा ऊलाँग. माणशी १०० मिलीचे दोन कप, म्हणजे २० लिटर. लिटरला ५ ग्रॅम पत्ती धरा, एकूण १०० ग्रॅम. पु-एरवर पहिलं उकळतं पाणी ओतून लगेच टाकून द्यायचं. पत्ती धुतली जाते आणि कुबट वास जातो. पत्ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधा आणि रंग आला की काढून घ्या, तासभर राहिली तर चहा कडू होतो. पाणी तापवायच्या विजेच्या पिंपाला दोन ते अडीच किलोवॅट लागतात. इथलं सॉकेट १३ अँपिअरचं, म्हणजे तीन किलोवॅटच्या आतलं. एका सॉकेटवर एकच पिंप. दोन पिंपं एका एक्स्टेंशनवर लावली की दिवे, माइक आणि चहा एकदमच जातात. ब्लॉकमध्ये छोट्या किटलीतून चहा करणारे एखादे अंकल असतीलच. त्यांना कोपऱ्यात टेबल द्या, त्यांच्याभोवती गर्दी आपोआप जमेल.

कंदील

कंदील बनवण्यात मराठी घरांचा हातखंडा आहे. आकाशकंदिलाची सवय इथे कामी येते. साडेसहाला कार्यशाळा सुरू करा. लहान मुलांसाठी सर्वात सोपा प्रकार: ए-४ कार्डपेपर लांबीत दुमडा, घडीच्या बाजूने दोन-दोन सेंटीमीटरवर कात्रीने चिरा द्या, मोकळ्या कडेपाशी तीन सेंटीमीटर सोडून थांबा. उलगडा, नळी करा, चिकटवा, वर कागदाची पट्टी. मोठ्यांसाठी नववर्षाला उरलेली लाल पाकिटं स्टेपल करून केलेला कंदील. ती पाकिटं प्रत्येक घरात पडून असतात, महिनाभर आधी गोळा करा. बांबूच्या काड्या आणि जिलेटिन पेपर आणलात तर चांदणीही करता येईल. मासा आणि ससा हे इथले लाडके आकार.

पेटवायचं कशाने, यावर दरवर्षी वाद होतो. आजी-आजोबांना मेणबत्ती हवी असते, आई-बाबांना बॅटरी. सहा वर्षांखालच्या मुलांना बॅटरीचाच, पण गाणी वाजवणारा नको; तीस कंदील एकदम तीच धून वाजवू लागले की कोड्यांचा कार्यक्रम संपलाच समजा. मोठ्या मुलांना मेणबत्ती द्या. बारीक मेणबत्ती दहा-पंधरा मिनिटं टिकते. वीस मिनिटांच्या फेरीला माणशी तीन घ्या, एक जादा. कागदी घडीचा कंदील आधी पूर्ण वर ताणून मगच आत मेणबत्ती पेटवा. अर्धवट मिटलेला कंदील सर्वात आधी पेटतो. जिलेटिनच्या कंदिलात मेणबत्ती तिरकी झाली की आधी गोल भोक पडतं, ज्योत पुढे लागते. भोक दिसलं की विझवायचं. काठी ५० सेंटीमीटरची तरी हवी. आठ मुलांमागे एक मोठा माणूस, हाताशी वाळूची बादली.

मेण खेळण्याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. दहा-बारा वर्षांची पोरं उरलेल्या मेणबत्त्या खेळण्याच्या मैदानाच्या कठड्यावर ओळीने लावतात किंवा मूनकेकच्या पत्र्याच्या डब्यात मेण वितळवतात. अशा उकळत्या मेणात कोणी पाणी टाकलं तर पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, जळतं मेण वर उसळतं आणि तोंड-हात भाजतात. डबा झाकणाने किंवा ओल्या जाड फडक्याने झाकून विझवायचा, पाणी नाही. म्हणून रिकामे डबे आणि उरलेल्या मेणबत्त्या दोन्ही मोजून परत घ्यायच्या. जमिनीवर सांडलेलं मेण थंड झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. साफसफाईचा खर्च टाउन कौन्सिल आयोजकांकडून मागू शकतं.

कोडी आणि गोष्ट

कंदिलांना कोडी टांगायची ही जुनी प्रथा. साधारण आठ बाय पंचवीस सेंटीमीटरच्या रंगीत पट्ट्यांवर चाळीस कोडी लिहा. ज्याला उत्तर सुचेल त्याने पट्टी न फाडता तिचा क्रमांक टेबलावर सांगायचा. पट्टी काढून आणायची मुभा दिली की अर्ध्या तासात दोरी रिकामी. माणशी दोनच बक्षिसं, नाहीतर एखादे निवृत्त शिक्षक सगळी घेऊन जातात. निम्मी कोडी चिनी, उरलेली इंग्रजी, मलय आणि तमिळ. चिनी कोडी अक्षरांच्या चित्रांवर चालतात: ‘राजाच्या कमरेशी टिंब’ म्हणजे जेड, कारण राजाच्या अक्षराला एक टिंब दिलं की जेडचं अक्षर होतं, ‘झाडाला टेकलेला माणूस’ म्हणजे विश्रांती. यांचं भाषांतर करू नका. ती शेजारच्या आजींकडून घ्या आणि उत्तरांचा कागदही त्यांच्याच हाती द्या.

गोष्ट पाच मिनिटांची. धनुर्धर होऊ-इने दहांपैकी नऊ सूर्य पाडले, त्याला अमृत मिळालं, ते त्याच्या बायकोने, छांग-अने प्यायलं आणि ती चंद्रावर गेली. तिथे ससा औषध कुटत बसलेला असतो. आपल्याकडे चंद्राला शशांक म्हणतात ते त्याच सशावरून, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. चिनी चांद्रयानांना छांग-अचं आणि २०१३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या गाडीला जेडच्या सशाचं, युतूचं, नाव आहे, हेही जोडा. मूनकेकमध्ये चिठ्ठ्या लपवून मंगोलांविरुद्ध उठाव झाला, ही गोष्ट सांगायची तर दंतकथा म्हणूनच सांगा. आणि सगळी गोष्ट मराठी काकांनी माइकवरून सांगण्यापेक्षा ब्लॉकमधल्या चिनी मुलीने किंवा तिच्या आजोबांनी सांगितलेली बरी.

काही आज्या चंद्राकडे तोंड करून उदबत्ती, फळं, मूनकेक मांडतात. त्यांनी मागितलं तर कडेला एक टेबल द्या. स्वतःहून आरतीसारखं काही मांडू नका.

त्या दिवशी

दुपारी चारला टेबलं. साडेसहाला कंदील-कार्यशाळा, कोड्यांच्या दोऱ्या तेव्हापासूनच खुल्या. साडेसातला गोष्ट, पावणेआठला फेरी. पुढे वाट माहीत असलेला, शेवटी उरलेल्यांना गोळा करणारा. सव्वाआठला मूनकेक, पपनस, चहा. नऊला मोकळ्या जागेत चंद्र. आल्यागेल्याला ‘चोंग-छिउ च्ये ख्वाइ-ल’ (सणाच्या शुभेच्छा) म्हणा, उच्चार चुकला तरी आंटी दुरुस्त करून देतात. साडेनऊला माइक बंद आणि दहाच्या आत सगळं आवरलेलं, कारण वरच्या मजल्यांवर लोक झोपतात आणि पुढच्या वर्षीच्या अर्जावर त्यांच्याच तक्रारी निघतात. उरलेले मूनकेक न कापलेले असतील तर डब्यासकट लिफ्टपाशी ठेवा, सकाळपर्यंत राहत नाहीत.